सात कोहळी आणि एक ओव्हरसियर

“जरा बाजूला होता का, बाई? मी पडणार आहे.”

आवाज वरून आला. मान वर केली, तर चिंचेच्या फांदीवरून दोन बूट लोंबकळत होते. बुटांच्या वर खाकी पाटलोण, आणि त्याच्याही वर एक घाबरलेला चेहरा. दुसरी कोणी शहाणी असती तर बाजूला झाली असती. मी तिथंच उभी राहून विचारलं, “कधी?”

“आत्ता,” तो म्हणाला... आणि पडला.

नशीब, खाली मेमसाहेबांच्या घोड्याच्या गवताची गंजी होती. गवतातून आधी एक हात वर आला, मुठीत एक तपकिरी पीस. मग केसांत काड्या अडकलेलं डोकं आलं आणि माझ्याकडं बघून हसलं. जसं काही ठरवूनच तसं उतरलं होतं!

“घुबडाचं आहे,” तो म्हणाला. “मेमसाहेबांना पाहिजे.”

“काऊन?”

“हे मी साहेबाच्या बायकोला विचारू? मग माझी नोकरी काय तुम्ही देणार?”

“झाडावरून पडायची असेल तर देते की. आमच्या अंगणात आंब्याची दोन झाडं आहेत.”

“उंच आहेत?”

“तुमच्यापुरती आहेत.”

तेवढ्यात व्हरांड्यातून मेमसाहेबांची आया सोनाबाई ओरडली, “पद्मिनीताई, या ना बाप्पा आत! बाईसाहेब केव्हाच्या वाट पाहून राह्यल्या. अन् ओवरशेरसाहेब, तुमीबी या. दोघांचंच काम हाय.”

दोघांचंच काम! मी पदर सावरला आणि त्याच्याकडं न बघता पायऱ्या चढले. न बघताही मला दिसलं, की तो केसांतल्या काड्या काढतोय आणि सगळ्यात मोठी तशीच राहिलीय.

मी पद्मिनी. बोथच्या तहसिलीत पेशकार असलेल्या चिंतामणरावांची एकुलती एक. नागपूरला मामाकडं राहून इंग्रजी शिकले आणि परत आल्यापासून मला घरात बसवेना. उठायचं, पाणी प्यायचं, अंगणात जायचं, परत यायचं. जयवंता आत्या म्हणायची, पायाला भिंगरी लागलीय पोरीच्या. आई मी लहान असतानाच गेली. मला वाढवलं आत्यानं आणि बिघडवलं नानांनी, म्हणजे माझ्या वडलांनी. साऱ्या बोथमध्ये मेमसाहेबांशी इंग्रजीत बोलणारी मी एकटी बाई, म्हणून बंगल्यावर माझं येणंजाणं होतं. मेमसाहेबांचे यजमान मॅक्लिनसाहेब नागपूरच्या सडकेवर पूल बांधत होते. आणि हा शरदचंद्र, शेवटच्या कमानीच्या देखरेखीसाठी हैदराबादहून नवा आलेला ओव्हरसियर.

मेमसाहेब आरामखुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या. हिवतापानं गाल पार आत गेलेले, पण डोळे कसे चमकत होते! त्यांच्या स्कॉटलंडात म्हणे ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी भुतं मोकळी सुटतात. आणि लोक दारं लावून घ्यायचं सोडून त्यांच्यासाठी दिवे लावतात, पोरं तोंडाला काजळी फासून घरोघर हिंडतात. त्या सणाचं नाव हॅलोवीन. त्यांची स्वतःची दोन्ही पोरं तिकडं शाळेत, साता समुद्रापलीकडं. म्हणून यंदा बोथच्या अंमलदारांची सगळी पोरं बोलवायची, दोन टोळ्या करायच्या, दोन्ही टोळ्यांना सारख्याच वस्तू सांगायच्या. गावभर हिंडून ज्या टोळीनं सगळं आधी गोळा केलं ती जिंकली. आणि दिवेलागणीला बंगल्याच्या पायऱ्यांवर सात कोहळ्यांचे कंदील लावायचे. डोळे, नाक, दात कोरलेले.

“मला तर उठवत नाही,” मेमसाहेब म्हणाल्या. “सगळं तुम्ही दोघांनी करायचं.”

मी शरदचंद्राकडं पाहिलं. तो माझ्याकडंच बघत होता. केसांतली काडी अजून तिथंच होती. माझ्या हाताला नुसती खाज सुटली.

---

दुसऱ्या दिवसापासून आमचा दरबार व्हरांड्यात भरायला लागला. मधे चहाचं टेबल, पलीकडं तो, अलीकडं मी, आणि पायरीवर तंबाखू मळत सोनाबाई. आत्यानं तिला बजावून ठेवलं होतं, पोरीवर नजर ठेव म्हणून. सोनाबाईची नजर तंबाखूवर असायची, पण कान मात्र आमच्याकडं.

“पहिली वस्तू,” शरदचंद्रानं वाचलं. “झाडू.”

“जमायचं नाही.”

“का?”

“लक्ष्मी आहे ती. घरातली केरसुणी कोणी परक्याच्या हातात देईल का?”

“बरं. मूठभर मीठ.”

“दिवे लागल्यावर? मीठ, सुई, विरजण... तिन्हीसांजेला कोणी उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाही. पोरांच्या पाठीत लाटणं बसेल.”

“मेणबत्तीचा तुकडा.”

“तो अख्ख्या बोथमध्ये या बंगल्यातच मिळेल.”

“काळ्या मांजराचा केस!”

“मांजर देईल का?”

त्यानं कागद खाली ठेवला, दोन्ही कोपरं टेबलावर टेकली आणि हनुवटी तळहातावर. “पद्मिनीबाई, तुमच्या गावात मागितल्यावर मिळतं तरी काय?”

कसला आवाज होता तो! जसं काही मांजर, मीठ, मेणबत्ती राहिलं बाजूला आणि भलतंच काही विचारलं. मी उगाच कप उचलला. कप रिकामा होता. तरी प्यायले.

“ज्याचं त्याला नकोसं झालंय ते मिळतं,” मी म्हटलं.

“सापडलं!” तो उठलाच. “तेच मागू. बैलाची झिजलेली नाल. फुटक्या कंदिलाची काच. सरकी, मूठभर. मोडकी फणी. आणि खेळ उन्हं असताना, दिवे लागायच्या आत.”

आता कोणत्या घरी काय नकोसं आहे, कुठली म्हातारी पोरांवर ओरडेल आणि कुठली लाडू देईल, हे बघायला हिंडणं आलं. हिंडायला मला कारणच हवं होतं! आम्ही गल्ल्या पालथ्या घातल्या. तो लोहाराशी उर्दूत बोलायचा, कोमट्याच्या दुकानात तेलुगूत, आणि माझ्याशी बोलायची वेळ आली की गप्प होऊन नुसता बघायचा. मागून सोनाबाई, “हळू चाला ना बाप्पा, मी काय हरीण हाय?”

एकदा परतीच्या पावसानं गाठलं. भुरभुर, भुरभुर... कापसाच्या शेतावरून वास आला ओल्या मातीचा. शरदचंद्रानं डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, आता माझ्या डोक्यावर धरतो. त्यानं ती हातातल्या टोपलीवर धरली, सजावटीसाठी गोळा केलेल्या पिसांच्या!

“पिसं भिजली तर मेमसाहेब रागावतील,” तो म्हणाला.

“आणि मी भिजले तर?”

“तर...” त्याच्या पापण्यांवर पाणी साचलं होतं. “तर मी बघत राहीन.”

त्या दिवसानंतर माझं कशात लक्ष लागेना. वरणाला फोडणी दोनदा दिली. नानांच्या धोतराला नीळ इतकी घातली, की ते कचेरीच्या वाटेवरूनच परत आले. झोपले तर झोप नाही, बसले तर बसवत नाही. प्रेम-बिम असं काही असतं ते हेच का, हे विचारायला घरात होती कोण? आत्या?

आणि आत्यानंच एक दिवस भाजी निवडता निवडता सांगितलं, “भैंशाहून सांगावा आला. जिनिंगवाल्यांची रेणुकाबाई अन् तिचा दीर उत्तमराव तुले पाहाले येऊन राह्यले. रेणुकाबाईचं पोरगं चांगलं हाय, शिकलेलं हाय. तुया नानानं हो म्हनलं.”

“केव्हा?”

तिनं दिवस सांगितला. नानांच्या कचेरीतल्या फसली कॅलेंडरात तो आजूर महिन्यातला कुठला तरी दिवस होता. मेमसाहेबांच्या कॅलेंडरात ऑक्टोबरचा शेवटचा. खेळाचाच दिवस!

“अन् तो ओव्हरसियर...” माझ्या तोंडून निघून गेलं.

आत्याचा हात थांबला. “त्याचं कूळ-गोत्र मी कधीचंच विचारून घेतलं. खोट नाही. पन मागं ना आई ना बाप. पूल झाला की तो गेला. आज इथं, उद्या तिथं. मानूस हाय का वारा?”

ती म्हणाली ते खरंच होतं. पूल पुरा झाला होता. खेळाच्या दुसऱ्याच दिवशी शरदचंद्राचा वारंगलकडं तबादला होता. हे त्यानंच मला सांगितलं होतं, बैलाच्या नालेविषयी बोलता बोलता, नजर नालेवर ठेवून. आणि पुढं एक अक्षर बोलला नव्हता.

---

कोहळी आमच्याच गोठ्यावरची होती. वेल नुसता फोफावला होता. मेमसाहेबांना हवी होती नुसती सालं. आत्या म्हणाली, “सालं घेऊन जा म्हना, गर आमच्या घरी राहील. पाहुन्यायले कोहळ्याची बोंडं करू.” तेव्हा कोहळी आमच्या अंगणात फोडायची आणि आतून पोखरून बंगल्यावर पाठवायची, असं ठरलं.

पण फोडणार कोण?

आमच्याकडं बाईमाणूस अख्ख्या कोहळ्याला आधी हात लावत नाही. घरच्या पुरुषानं पहिली चीर द्यायची, मग बायकांनी काय ते चिरावं. घरचा पुरुष म्हणजे नाना, आणि नाना तहसीलदाराबरोबर दौऱ्यावर.

“थांब तीन दिवस,” आत्या म्हणाली.

“तीन दिवसांनी कोरायचं कधी, वाळवायचं कधी? मी देते चीर.” मी सुरी उचलली.

आत्यानं माझ्या मनगटावर फटका मारला. “कोहळं म्हंजे घरचा थोरला लेक समज. बाईनं सुरी लावली असं कोनाच्या घरी पाह्यलं का?” आत दूध उतू गेल्याचा वास आला तशी ती पळाली.

आणि नेमका तेव्हाच शरदचंद्र दारात! सालं न्यायला गाडी घेऊन आला होता.

“झाली तयारी?”

“कसली तयारी? एकही फुटलं नाही. आमच्याकडं... म्हणजे नाना...” मला पुढं सांगता येईना. घरच्या पुरुषाविषयी ह्याला काय सांगायचं?

त्यानं सात कोहळ्यांकडं पाहिलं. मग माझ्याकडं. मग माझ्या हातातल्या सुरीकडं. काही न विचारता त्यानं ती माझ्या हातातून घेतली. बोटं बोटांना लागली. एवढीशीच... तो खाली बसला, बाह्या वर सारल्या, आणि एकेक कोहळं पुढ्यात ओढून प्रत्येकाला एक चीर दिली. नीट, सरळ, घाई न करता. सातव्याला सुरी लागली आणि आत्या बाहेर आली.

“अगं बाई! बाई गं! हे काय करून बसला तुमी?”

“काय झालं, आत्याबाई?” शरदचंद्रानं इतक्या भोळ्या चेहऱ्यानं वर पाहिलं, की मला हसूही येईना, रडूही येईना.

“अहो, हे घरच्या मानसाचं काम! बाहेरच्यानं करायचं नसते!”

“अस्सं?” तो म्हणाला. सुरी धुऊन पायरीवर ठेवली, माझ्याकडं न बघता नमस्कार केला, आणि सालं उद्या नेतो म्हणून निघून गेला.

आत्यानं मला दम भरला, “कोनाजवळ बोलायचं नाही. गर काई आता फेकता येत नाही.”

मी कोणाजवळ बोलणार? मी स्वतःशीच बोलत होते, रात्रंदिवस. त्याला माहीत होतं का? का नव्हतं? माहीत असेल तर तो केवढं मोठं बोलला! आणि नसेल, तर सात कोहळी चिरून देणारा एक भला माणूस, दुसरं काय? पण ती सुरी घेतानाची नजर... पण तो ‘अस्सं?’... जीव नुसता टांगणीला लागला. मी त्या कोहळ्यांना डोळे कोरले, नाक कोरलं, आणि दात कोरताना एवढी चिडले की सातांपैकी एक भूत जन्मभर बोळकंच राहिलं.

शेवटी राहवेना. पुलावर मॅक्लिनसाहेबांना मेमसाहेबांची चिठ्ठी द्यायची होती. सोनाबाईला घेऊन मीच गेले. शरदचंद्र कठड्यावर हात ठेवून उभा होता, खाली पाणी गढूळ.

“तुमच्या हैदराबादला,” मी एकदम सुरू केलं, “कोहळं कोण फोडतं?”

तो हसला. “आमच्या गल्लीत? मी.”

“म्हणजे?”

“गल्लीत विधवा बायका पुष्कळ. घरात पुरुष नाही. त्या मला हाक मारायच्या, शरद, ये रे बाबा, एवढी चीर देऊन जा. अर्ध्या गल्लीची कोहळी मी फोडलीत. लाडू मिळायचे.”

मला कोणी थंड पाण्यात बुडवल्यासारखं झालं. अर्धी गल्ली! आणि मी वेडी, दिवस-रात्र... “म्हणजे तुम्ही सगळ्यांच्याच घरचे,” मी म्हटलं. “आमच्याकडं लाडू राहून गेले तुमचे. पाठवते.”

“पद्मिनीबाई, ऐका तर...”

“मला घाई आहे. घरी पाहुणे येणार आहेत.”

त्याचा हात कठड्यावरून खाली आला. “कळलं मला. भैंशाची मंडळी चांगली आहेत म्हणतात.”

“खूप चांगली!” मी म्हटलं आणि इतक्या जोरात वळले, की सोनाबाईच्या तंबाखूची डबीच सांडली. घरी येईपर्यंत ती बडबडत होती आणि मी पदरानं डोळे पुसत होते. धुळीमुळं, असं तिला सांगितलं.

---

खेळाचा दिवस उजाडला. नाना आदल्या दिवशीच दौऱ्यावरून आले होते. ठरल्याप्रमाणे शरदचंद्रानं दुपारी पोरं सोडली. खिडकीतून मला दिसत होतं, तोंडाला काजळी फासलेली पोरं गल्लीत धावतायत, “नाल आहे का? फुटकी काच आहे का?” माझं सगळं मन त्यांच्यामागं धावत होतं आणि मी जरीचं लुगडं नेसून बैठकीत, मान खाली घालून.

रेणुकाबाई ठसठशीत होत्या, बोलायला सरळ. उत्तमराव पानदानात गुंग. नाव विचारलं, शिक्षण विचारलं, चालून दाखव म्हणाल्या. मग आत्यानं बोंडं आणली, गरमागरम.

“वा!” रेणुकाबाईंनी दुसरं उचललं. “कोहळं घरचं?”

“घरचंच,” आत्या फुलून म्हणाली. “आमच्या गोठ्यावरचं. पोरीनंच तळले बोंडं.”

“कधी फोडलं?”

“झाले की चार दिवस. गर काढून, शिजवून, साखर घालून मुरवला. म्हनून तर गोडी उतरली.”

रेणुकाबाईंचं चावणं मंद झालं. त्या नानांकडं वळल्या. “चिंतामनराव, तुमी तर म्हनत होते, कालच दौऱ्याहून आलो. मंग कोहळं फोडलं कोन?”

आत्याचा चेहरा पांढराफटक. नाना गोंधळून तिच्याकडं बघायला लागले, त्यांना कुठं काय माहीत होतं! आत्या म्हणाली, “ते... शेजारचा...” आणि अडकली.

माझ्या मनात काय आलं सांगू? आलं, की आता आत्या खोटं बोलेल, हे लोक मानतील, मी भैंशाला जाईन, आणि आयुष्यभर कोहळं दिसलं की मला आतून कोणी तरी चिरेल. त्याला माहीत असो नसो. अर्ध्या गल्लीची फोडलेली असोत. मला तर माहीत होतं ना, मला काय वाटलं ते!

“ओव्हरसियरसाहेबांनी,” मी म्हटलं.

बाहेर पोरांचा गलका.

“ते कोन तुमचे?” रेणुकाबाईंनी विचारलं.

मी मान वर केली. पाहायला आलेल्या बाईच्या डोळ्यांत मुलीनं बघायचं नसतं. मी बघितलं.

“अजून कोणी नाही,” मी म्हटलं.

आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. उत्तमरावांच्या हातातलं पान तसंच राहिलं. रेणुकाबाईंनी मात्र ताटली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि उठल्या. “चला भावजी. पोरीनं आजच सांगितलं ते चांगलं केलं. लगनानंतर सांगितलं असतं तर आपन कुठं तोंड दाखोलं असतं?” दारापाशी थांबून त्यांनी मला एकदा नीट पाहिलं. राग होता की काय होतं, मला कळलं नाही. मग त्या गेल्या.

आत्या रडायला लागली. “नाक कापलं पोरीनं! सांग आता भाऊ, हिले कोन करून नेईल?”

नानांनी एवढंच म्हटलं, “माझी पगडी आन.” मी पगडी दिली, ती त्यांनी घेतली, आणि माझ्याकडं न बघता उभे राहिले. “नाना, दिवे लावायचे आहेत बंगल्यावर, पोरं थांबली असतील,” असं काहीतरी बोलून मी मागच्या दारानं सुटले. जरीच्या लुगड्यात, भर रस्त्यानं, पळत!

---

बंगल्याच्या आवारात पोरांचा नुसता बाजार. नाला, काचा, सरकीचे ढीग, कोण जिंकलं म्हणून भांडणं. मेमसाहेब आत पलंगावरून टाळ्या पिटत होत्या. पायऱ्यांवर सातही कोहळी मांडलेली, आणि शरदचंद्र वाकून एकेकात पणती ठेवत होता. फाटकाशी त्याची ट्रंक आणि वळकटी. पहाटेची मोटर.

मला बघून तो उभा राहिला. मला दम लागला होता.

“पाहुणे...?” त्यानं विचारलं.

“गेले.”

“पसंती?”

“नाही.”

“आंधळे आहेत का ते?”

“मी सांगितलं त्यांना. कोहळी कोणी फोडली ते.” आता थांबले तर परत कधी बोलता यायचं नाही, हे मला ठाऊक होतं. “मला एकच सांगा. चीर देताना तुम्हाला माहीत होतं? का आमचंही घर त्या गल्लीतलंच एक?”

त्याच्या हातातली काडी जळत जळत बोटापर्यंत आली. त्यानं ती झटकली.

“पुलावर तेच तर सांगत होतो, तुम्ही ऐकलंत कुठं? त्या गल्लीतल्या काकूंनी मला एक शिकवलं होतं. हाक आल्याशिवाय दुसऱ्याच्या घरच्या कोहळ्याला हात लावायचा नाही. मी कधी लावला नाही. त्या दिवशी...” त्यानं पोळलेलं बोट चोळलं. “त्या दिवशी मला कोणी हाक मारली नव्हती, पद्मिनी.”

पद्मिनीबाई नाही. नुसतं पद्मिनी. पायऱ्यांवरची सगळी भुतं माझ्याकडं बघून दात काढत होती, आणि एक बोळकं.

“मग ‘अस्सं’ काय म्हणालात!” मी रडत रडत म्हटलं. “तोंड नव्हतं का? इतके दिवस माझी काय हालत झाली माहीत आहे?”

“कोणत्या तोंडानं बोलणार होतो? तुमच्या घरी शब्द टाकायला माझ्या मागं कोण आहे? एक मामा हैदराबादला. तुमच्यासाठी भैंशाहून माणसं यायची ठरलेली. मला वाटलं, चीर दिली तेवढी आपली. ती घेऊन जावं.”

“घेऊन जातात म्हणे! मी काय...”

मी थांबले. फाटकातून नाना येत होते. डोक्यावर पगडी, हातात काठी, भराभर. त्यांना इतकं भराभर चालताना मी कधीच पाहिलं नव्हतं. मागून आत्या, पदर डोळ्याला. पोरं भांडायचं सोडून बाजूला झाली. शरदचंद्र एक पायरी खाली उतरून माझ्या पुढं उभा राहिला, आणि तेवढ्या भीतीतही मला ते आवडलं.

नाना येऊन त्याच्यासमोर थांबले. धापा टाकत होते. काठी सोनाबाईच्या हातात दिली आणि पगडी सारखी केली.

“शरदचंद्र,” ते म्हणाले, “मुलीच्या बापानं मुलाच्या दारी जायचं असते. तुमचं दार उद्या वारंगलले जाऊन राह्यलं, म्हनून मी घाईनं आलो. माझी मुलगी तुमाले पसंत हाय का?”

लोहाराशी उर्दूत आणि कोमट्याशी तेलुगूत बोलणाऱ्या त्या माणसाला एका भाषेत उत्तर देता येईना. त्यानं नुसती मान हलवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. मग वाकून नानांच्या पायांना हात लावला, आणि नानांनी त्याला खांद्याला धरून उठवलं. “मामांचा पत्ता सांगा. उद्याच्या टपालानं लिहितो,” ते म्हणाले. शरदचंद्राला पत्ता आठवेना! गल्लीचं नाव सांगितलं, तेही चुकीचं, मग बरोबर सांगितलं. आत्या रडता रडता हसली.

मला वाटलं, झालं. आमच्याकडं एवढ्यावरच होतं. बाप विचारतो, मुलगा मान हलवतो, आणि मुलगी आत जाऊन गूळ-पाणी आणते. मी गूळ-पाण्यासाठी वळलेसुद्धा.

“थांब,” नाना म्हणाले. “कुठं चालली?”

मी थांबले.

“अन् तुले?” त्यांनी विचारलं. “तुले पसंत हाय का हा?”

आमच्या घरात, आमच्या नात्यात, मला माहीत असलेल्या कोणत्याही घरात, मुलीला असं कोणी विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. आत्यानं तोंडाला हात लावला. भैंशाच्या माणसांपुढं बोलणं किती सोपं होतं! नाना मात्र उत्तराची वाट बघत उभे राहिले, अगदी शांतपणे, जसं काही त्यांना दुसरं कामच नव्हतं.

“हो,” मी म्हटलं. सगळ्यांना ऐकू जावं म्हणून जरा जोर लावून म्हटलं, तर ते इतक्या मोठ्यानं निघालं की झाडावरचे पक्षी उडाले आणि आतून मेमसाहेबांनी विचारलं, कोणती टोळी जिंकली म्हणून.